रूप एकीचे, वाणी दुसरीची

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांतील वाचिकास त्यांनी नाट्याचे शरीरच मानले आहे. इतकेच नव्हे, तर सात्त्विक भावांच्या अष्टकातही अश्रू, रोमांच यांच्या जोडीला स्वरभेदाची गणना केली आहे. म्हणजे मनात कालवाकालव झाली की तिची पहिली वार्ता पुष्कळदा गळाच देतो, हे त्या प्राचीन शास्त्रकारास पुरते ठाऊक होते. मात्र एक गोष्ट त्यांच्या कल्पनेतही आली नसावी. ती ही, की एक दिवस वाणी देहापासून वेगळी काढता येईल, मुख एकीचे आणि शब्द दुसरीचे अशी सांधेजोड करता येईल, आणि प्रेक्षकास त्या सांध्याची रेघही दिसणार नाही. चित्रपटाने ही किमया घडवून आणली आणि तिच्याबरोबर एक नैतिक प्रश्नही आणला. जी स्त्री पडद्यावर क्षणभरही दिसत नाही तिने भूमिका केली असे म्हणावयाचे काय? आणि म्हणावयाचे असेल, तर तिचे नाव कोठे लिहावयाचे?

१९७४ च्या आरंभी अमेरिकेत हा प्रश्न मोठ्या तीव्रतेने पुढे आला. तो उपस्थित करणारी बाई कोणी उपेक्षित, अनाम कलावती नव्हती. ऑस्करची सुवर्णमूर्ती चोवीस वर्षांपूर्वीच घरी आणलेली ती एक मान्यवर अभिनेत्री होती. तिचे नाव मर्सिडीज मॅकेम्ब्रिज. आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच हे नाव ऐकले असेल. पण तिचा आवाज मात्र, ती कोण हे ठाऊक नसताना, जगातील कोट्यवधी लोकांनी ऐकला आहे. यातच तिच्या कथेचे मर्म आहे.

मॅकेम्ब्रिजबाईंचा जन्म १९१६ चा, इलिनॉय राज्यातील जोलिएट गावचा. घराणे आयरिश वंशाचे, कॅथलिक पंथाचे. शिकागोतील मंडेलाइन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. ख्रिस्ती संन्यासिनींनी मुलींसाठी चालविलेल्या त्या संस्थेत काव्याच्या समूहपठनाचे एक पथक होते. दहापंधरा मुलींनी एकत्र उभे राहून कविता म्हणावयाची, कोठे एकीने, कोठे सर्वांनी, कोठे कुजबुजत, कोठे गर्जत, असा तो प्रकार. शिक्षकाच्या दृष्टीने पाहता आम्हांस या गोष्टीचे अतिशय अप्रूप वाटते. आपल्या शाळांतून पाठांतराची टर उडविण्याची हल्ली चाल पडली आहे. पण या मुलीचे सारे भवितव्य त्या पठनातून उघडले. पथकाचा कार्यक्रम ऐकून नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी या नभोवाणी संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थिनी असतानाच तिला करारबद्ध केले. तेव्हा तिने विशीही धड ओलांडली नव्हती.

१९३० ते १९५० हा अमेरिकेतील नभोवाणीचा वैभवकाळ. घरोघरी संध्याकाळी रेडिओभोवती कुटुंब गोळा होई आणि नाट्ये, मालिका, भयकथा ऐके. ध्वनिमुद्रणाची सोय असली तरी बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्षच प्रक्षेपित होत. चुकले तर पुन्हा करावयाची मुभा नसे. हातात संहितेचे कागद, समोर ध्वनिक्षेपक, शेजारी पावलांचे आणि दारांचे आवाज काढणारा माणूस, आणि घड्याळाचा काटा डोक्यावर. अशा स्थितीत एकाच नटीने सकाळी घरंदाज गृहिणी, दुपारी वेडसर म्हातारी आणि रात्री खुनी स्त्री व्हावयाचे. ‘लाइट्स आउट’, ‘इनर सॅंक्टम’, ‘आय लव्ह अ मिस्टरी’ यांसारख्या मालिकांतून मॅकेम्ब्रिजबाईंनी ही कसरत वर्षानुवर्षे केली. ऑर्सन वेल्स या श्रेष्ठ नट-दिग्दर्शकाबरोबरही त्यांनी काम केले आणि हयात नभोवाणी-अभिनेत्रींत ही जगात श्रेष्ठ, असा अभिप्राय त्याने त्यांच्याविषयी दिला. वेल्स हा स्वतः नभोवाणीचा अनभिषिक्त राजा होता. त्याची स्तुती उधार-उसनवारीची नव्हती.

आपल्या माळव्यातील वाचकांस नभोवाणीची ही मोहिनी निराळी समजावून सांगावयास नको. आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावरून माळवी बोलीत गप्पा मारणाऱ्या नंदाजी-भेराजींची तोंडे किती जणांनी पाहिली होती? तरीही खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यास ते आपल्या ओसरीवर बसलेले वाटत. आवाजालाही चेहरा असतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो.

अशा बाईस चित्रपटसृष्टीने बोलाविले ते १९४९ मध्ये. रॉबर्ट पेन वॉरन यांच्या पुलित्झर पारितोषिकप्राप्त कादंबरीवर आधारलेला ‘ऑल द किंग्ज मेन’ हा त्यांचा पहिलाच चित्रपट. एक साधा खेडवळ पुढारी सत्तेच्या पायऱ्या चढता चढता कसा भ्रष्ट होत जातो, याची ती कथा. त्या पुढाऱ्याची व्यवहारी, तिखट जिभेची आणि आतून दुखावलेली सहायक सॅडी बर्क ही भूमिका मॅकेम्ब्रिजबाईंनी केली. १९५० च्या मार्चमध्ये त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर या कृतीस मिळाले, आणि सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक पहिल्याच पदार्पणात या बाईंना. रूढ अर्थाने त्या रूपवती नव्हत्या. त्यांची शब्दफेक हेच त्यांचे शस्त्र होते. वाक्य सरळ फेकावे, पण त्याच्या शेवटी किंचित अशी चरचर ठेवावी की ऐकणाऱ्यास जखमेचा पत्ता लागावा, ही विद्या त्यांनी रेडिओच्या खोलीत कमाविली होती.

त्यानंतर १९५४ मध्ये निकोलस रे यांच्या ‘जॉनी गिटार’मध्ये त्यांनी द्वेषाने पेटलेली एमा स्मॉल उभी केली. पाश्चात्त्य घोडेस्वारपटांत शेवटची गोळाबारी दोन पुरुषांत व्हावयाची, हा ठरलेला संकेत; येथे ती जोन क्रॉफर्ड आणि मॅकेम्ब्रिज या दोन स्त्रियांत झाली. १९५६ च्या ‘जायंट’मध्ये टेक्सासमधील जमीनदार घराण्यातील कर्ती, हेकट थोरली बहीण त्यांनी रंगविली. ही भूमिका चित्रपटाच्या पूर्वार्धातच संपते, तरी तिच्यासाठी त्यांचे नाव दुसऱ्यांदा ऑस्करच्या यादीत आले. १९५८ मध्ये वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये कातडी जाकीट घातलेल्या टोळीतील स्त्रीच्या रूपाने त्या काही क्षणच दिसल्या, पण ते क्षण विसरता येत नाहीत. दूरचित्रवाणीने घरोघरी ठाण मांडले तेव्हा त्याही माध्यमास त्यांनी नाक मुरडले नाही. १९५६-५७ मधील ‘वायर सर्व्हिस’ या मालिकेत तीन प्रमुख वार्ताहरांपैकी एक त्या होत्या. पुढे ‘रॉहाइड’, ‘बोनान्झा’, ‘लॉस्ट इन स्पेस’ अशा लोकप्रिय मालिकांतून त्या पाहुण्या कलाकार म्हणून येत राहिल्या. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरही त्यांचे येणेजाणे होते.

पण हे यश सरळ रेषेत गेले नाही. मद्याच्या व्यसनाने त्यांस ग्रासले. रुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या. अखेरीस त्या सावरल्या, आणि सावरल्यावर गप्प बसल्या नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे उभे राहून मद्यासक्ती हा लाजेने लपविण्याचा दोष नसून उपचारयोग्य आजार आहे, अशी साक्ष त्यांनी स्वतःच्या नावानिशी दिली. ज्या काळात नटनट्यांच्या व्यसनांवर पडदे ओढले जात, त्या काळात हे धैर्य साधे नव्हते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. पुढील प्रसंगाचे मोल तिच्यावाचून कळणार नाही.

विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका लहान मुलीच्या अंगात पिशाच्च संचरते आणि दोन धर्मगुरू ते उतरविण्याचा प्रयत्न करतात, असे तिचे कथानक. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी तिच्यावर चित्रपट केला. मुलीची भूमिका लिंडा ब्लेअर या तेरा वर्षांच्या बालिकेने केली. आता अडचण अशी, की अंगात आल्यावर त्या मुलीच्या तोंडून जे बोलते ते ती मुलगी नव्हे. लिंडाच्याच आवाजावर यांत्रिक संस्कार करून पाहिले गेले, पण मन मानेना. फ्रीडकिन यांना पुरुषाचा म्हणता येणार नाही, स्त्रीचाही म्हणता येणार नाही, असा आवाज हवा होता. त्यांस बालपणी ऐकलेली नभोवाणी आठवली, आणि नभोवाणीबरोबर मॅकेम्ब्रिज हे नाव आठवले.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. आपल्या कंठात दोन स्वरतंतू असतात. श्वासाच्या वाऱ्याने ते थरथरतात आणि ध्वनी उमटतो. सामान्यतः पुरुषाचे स्वरतंतू सेकंदास सुमारे १२० वेळा, स्त्रीचे सुमारे २०० वेळा आणि लहान मुलाचे २५० ते ३०० वेळा कंप पावतात. तंतू आखूड आणि पातळ असले की स्वर उंच. लांब आणि जाड असले की स्वर खर्ज. धूम्रपानाने तंतूंस सूज येते, ते जड होतात आणि आवाज उतरतो, घोगरा होतो. मॅकेम्ब्रिजबाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. वयाने, आजारपणाने आणि आयुष्याने त्यांच्या गळ्यावर आपापली अक्षरे लिहिलीच होती. लहानपणापासून त्यांस श्वासनलिकेच्या दाहाचा विकार होता. त्यातून येणारी घरघरही त्यांनी टाकाऊ मानली नाही. पिशाच्चाच्या श्वासोच्छ्वासासाठी तीच वापरली.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कच्ची अंडी गिळून, एकामागून एक सिगारेटी ओढून त्यांनी कंठ खरवडून घेतला. इतकेच नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या निग्रहाने सोडलेली व्हिस्कीही त्या कामापुरती ओठांस लावली. यातील धोका त्यांस पुरता ठाऊक होता. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपल्या ओळखीचे धर्मगुरू आधारासाठी जवळ असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. पिशाच्च बद्ध आहे, सुटू पाहते आहे, हे आवाजात उतरावे म्हणून चादरीच्या फाडलेल्या पट्ट्यांनी त्यांस खुर्चीला जखडण्यात आले होते. समोर पडद्यावर चित्रफितीचा तोच तुकडा पुनःपुन्हा फिरे आणि मुलीच्या ओठांच्या हालचालीशी एकेक अक्षर जुळवावे लागे. दिवसच्या दिवस हे चालले. आपल्या श्रद्धेस जे सर्वांत अमंगल ते स्वतःच्या मुखातून वदविणे हे एका निष्ठावान कॅथलिक स्त्रीस किती जड गेले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. कलेसाठी इतके करावे की करू नये, याविषयी मतभेद होतील. ज्या व्यसनातून माणूस सुटले त्याच्या दारी त्यास पुन्हा नेऊ नये, असेच आमचे मत आहे. परंतु याला कोणी काम म्हणणार नाही, असे मात्र संभवत नाही.

२६ डिसेंबर १९७३ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांबाहेर कडाक्याच्या थंडीत रांगा लागल्या. आत माणसे मूर्च्छित पडल्याच्या वार्ता छापून आल्या. जो तो त्या मुलीच्या घशातून निघणाऱ्या आवाजाविषयी बोलत होता. आणि श्रेयनामावलीत मर्सिडीज मॅकेम्ब्रिज हे नाव नव्हते.

त्यांचे म्हणणे असे, की नाव देण्याचे आश्वासन आपणांस दिले गेले होते व ते मोडले. फ्रीडकिन यांनी पुढे निराळे सांगितले. मुलीच्या अभिनयाचा परिणाम उणावू नये म्हणून बाईंनी स्वतःच प्रथम नाव नको म्हटले आणि नंतर मत बदलले, असे त्यांचे निवेदन. बंद खोलीतील बोलण्याचा निवाडा आज कोण करणार? त्यातील एकही आता हयात नाही. मॅकेम्ब्रिजबाई २००४ मध्ये गेल्या, फ्रीडकिन २०२३ मध्ये. आम्ही एवढेच म्हणू, की क्षणभर दिग्दर्शकाचे म्हणणे खरे धरले, तरी कलावंतास आपल्या श्रमावर आपले नाव मागण्याचा हक्क उद्याही असतो. आज सोडला म्हणून तो कायमचा बुडत नाही. बाईंनी नटांच्या संघटनेकडे, म्हणजे स्क्रीन अॅक्टर्स गिल्डकडे, दाद मागितली आणि अखेरीस चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव दाखल झाले.

दरम्यान एक विपरीत गोष्ट घडली होती. चित्रपटास ऑस्करची दहा नामांकने मिळाली, त्यांत साहाय्यक अभिनेत्री म्हणून लिंडा ब्लेअर हिचेही नाव होते. आवाज दुसरीचा आहे हे उघड होताच कुजबुज सुरू झाली : मग या पोरीने केले तरी काय? पारितोषिक ‘पेपर मून’मधील टॅटम ओनील या दहा वर्षांच्या मुलीस मिळाले. ‘एक्झॉर्सिस्ट’ला पटकथेचे आणि ध्वनीचे अशी दोनच ऑस्करे लाभली. नामांकनानंतरच्या त्या कुजबुजीने निकाल फिरला की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. परंतु त्या बालिकेच्या कामावर संशयाची सावली पडली, हे खरे. वस्तुतः तिचेही कष्ट अपार होते. तासन्‌तास रंगभूषा, थंडगार केलेल्या खोलीत अंगावर पातळ झगा, पलंगाचे धक्के. हे सारे त्या लहान जिवाने सोसले होते. तिचा आंगिक अभिनय खोटा नव्हता. प्रारंभीच दोन्ही नावे शेजारी शेजारी छापली असती, तर एकीचे श्रम झाकले गेले नसते आणि दुसरीच्या श्रमांवर बोट ठेवले गेले नसते.

आम्हांस या प्रकरणातील खरा बोध हाच वाटतो. अदृश्य कामगाराचे नाव दडविले की अन्याय त्याच्यावरच होतो, असे आपण समजतो. तो दृश्य कामगारावरही होतो. सत्य आज ना उद्या बाहेर येते, आणि मग ज्याने आपला वाटा प्रामाणिकपणे उचललेला असतो तोही उसन्या पिसांचा ठरतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. ज्या १९४९ साली मॅकेम्ब्रिजबाईंनी पडद्यावर पाऊल टाकले, त्याच साली ‘महल’ प्रदर्शित झाला. त्यातील अतिशय गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून कामिनी हे नाव छापले होते, आणि कामिनी हे तर मधुबालेने वठविलेल्या पात्राचे नाव! गाणारी मुलगी वीस वर्षांची होती, तिचा जन्म आपल्या याच इंदूरचा, आणि तिचे नाव लता मंगेशकर. श्रोत्यांनी नभोवाणीकडे विचारणा केली तेव्हा ते नाव लोकांस कळले. पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीतास फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले तेव्हा समारंभात त्यातील गीत म्हणण्यास लताबाईंनी नकार दिला. संगीतकारास पारितोषिक आहे, गायकास नाही. मग गायकाने तेथे कशासाठी उभे राहावयाचे, हा त्यांचा बिनतोड प्रश्न होता. १९५९ पासून पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले. आज गायकाचे नाव नसलेली ध्वनिमुद्रिका आपल्या कल्पनेतही येत नाही. पण ते आपोआप घडलेले नाही, कोणीतरी नकार दिला म्हणून घडले.

गायनास जे मिळाले ते संवादास मात्र अजून पुरते मिळालेले नाही. स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरात अकाली गेल्या. त्यांचा ‘वारिस’ १९८८ मध्ये प्रदर्शित झाला, त्यात त्यांच्या तोंडचे संवाद रेखा यांनी म्हटले आहेत. गेलेल्या भगिनीचे अपुरे राहिलेले काम तिच्या समकालीन अभिनेत्रीने आपल्या कंठाने पूर्ण करावे, याहून हृद्य श्राद्ध कोणते? मल्याळम् भाषेतील ‘मणिचित्रताळ’ या १९९३ च्या चित्रपटासाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यात नायिकेचे बोलणे भाग्यलक्ष्मी यांचे. पण तिच्यात संचरलेल्या नागवल्लीची तमिळ वाणी दुर्गा या दुसऱ्या कलावतीची होती, हे दिग्दर्शक फाजिल यांनी जाहीरपणे सांगितले ते २०१६ मध्ये. मध्ये तेवीस वर्षे लोटली होती. केरळ राज्याने डबिंग कलावंतांसाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवला आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

शाळेत हा प्रश्न लहान रूपात पुढे येतो. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय नाट्यस्पर्धेत आमच्या मुलींचे नाटक होते. प्रयोगाच्या दिवशी सकाळी नायिकेचा घसा पार बसला. सगळी संहिता मुखोद्गत असलेली तिची वर्गमैत्रीण विंगेत उभी राहिली आणि तिने आतून संवाद म्हटले. नायिकेने ओठ हालविले. तशी चिठ्ठी आम्ही प्रयोगापूर्वीच संयोजकांकडे दिली होती. नाटक रंगले, अभिनयाचे पारितोषिक नायिकेस जाहीर झाले. दुसरे नाव प्रमाणपत्रावर घालावे अशी विनंती आम्ही केली, तेव्हा एका भूमिकेपुढे एकच नाव लिहिण्याची जागा आहे, असे उत्तर मिळाले. विंगेतील मुलगी म्हणाली, “राहू द्या हो सर, माझं नाव कशाला? सगळ्यांनी तर तिलाच पाहिलं.” त्यावर जिला पारितोषिक मिळाले होते ती मुलगी, त्या बसलेल्या घशाने, म्हणाली, “नाही सर. उद्या कुणी म्हटलं, तू तर बोललीच नाहीस, तर मी काय सांगू? तिचं नाव असलं म्हणजे माझं काम माझं राहील.” लिंडा ब्लेअरचे प्रकरण त्या मुलींच्या कानावरही गेलेले नव्हते. शाळेच्या फलकावर आम्ही दोन्ही नावे एका ओळीत लिहविली; ती ओळ अद्याप तेथे आहे.

आता हा विषय जुन्या चित्रपटांपुरता उरलेला नाही. वाणी देहापासून वेगळी झाली होती, तरी ती कोणा तरी जिवंत माणसाच्या कंठातूनच येत होती. आता यंत्र माणसाच्या आवाजाचे नमुने ऐकून त्याची हुबेहूब नक्कल करते आणि त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये त्याच्या स्वरात बोलते. २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी कलावंतांनी ११८ दिवसांचा संप केला, त्यातील एक मोठा मुद्दा हाच होता. चेहरा आणि आवाज यांच्या यांत्रिक प्रतिकृती आमच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून करू नका, ही त्यांची मागणी होती. २०२४ च्या मे महिन्यात स्कार्लेट जोहान्सन या अभिनेत्रीने, आपण नकार देऊनही आपल्यासारखाच आवाज एका संगणक-कंपनीने आपल्या बोलत्या यंत्रास दिला, अशी तक्रार केली. आवाज दुसऱ्याच कलावतीचा असल्याचे कंपनीने सांगितले, तरी तो वापरणे थांबविले. योगायोग असा, की याच अभिनेत्रीने २०१३ च्या ‘हर’ या चित्रपटात एकदाही न दिसता केवळ आवाजाने एका बोलत्या यंत्राची भूमिका केली होती, आणि रोमच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरविण्यात आले होते. म्हणजे न दिसणारी स्त्रीही अभिनेत्री असते, हे एकदा मान्य झाले होते. आपल्या देशातही २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राद्वारे केलेली अनधिकृत नक्कल रोखणारा आदेश दिला. आवाज ही माणसाची स्वतःची वस्तू आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत हळूहळू उमटू लागले आहे.

यंत्राला स्वर साधेल, चढउतार साधतील. कदाचित स्वरभेदही साधेल. परंतु मॅकेम्ब्रिजबाईंच्या त्या घरघरीमागे बालपणीचा आजार होता, शिकागोच्या महाविद्यालयातील पठन होते, नभोवाणीतील वीस वर्षांची मजुरी होती, व्यसनाशी झालेला झगडा होता आणि ज्या देवावर श्रद्धा त्याच्याविरुद्ध बोलण्याचे ओझे होते. ज्या आवाजामागे एवढी किंमत मोजलेली असते, त्याच्यापुढे नाव लिहिणे ही मेहरबानी नव्हे, ते कर्जफेडीचे पहिले अक्षर होय.

वाचकांस आमचे मागणे एवढेच. घरी मुलाबाळांसह चित्रपट पाहाल तेव्हा अखेरची नामावली सुरू होताच उठू नका. त्या सरकत्या अक्षरांत कोणा बोलणाऱ्याचे, कोणा ध्वनी जुळविणाऱ्याचे नाव असेल. मुलांकडून ते मोठ्याने वाचून घ्या. वाचनही होईल आणि नावही कानी पडेल. जिचे नाव तेथे नाही अशी कोणी आढळली, तर विचारा. ‘महल’च्या वेळी सामान्य श्रोत्यांनी पत्रे लिहून विचारले होते, म्हणूनच कामिनीच्या जागी लता हे नाव आले.